मुलाचं नाव पणजोबांचं ठेवायचंय, पण हाक काय मारायची?

लालबागकर_निखिल

नमस्कार मंडळी. नागपंचमीला आम्हाला मुलगा झाला. दोघंही सुखरूप, परवाच घरी आणलं. बारसं बाराव्या दिवशीच करायचं ठरलंय म्हणजे राखीच्या दुसऱ्या दिवशी, कारण बहीण पुण्याहून राखीला येतेच आहे आणि आत्याशिवाय कानात नाव कोण सांगणार. पाळणा, घुगऱ्या, हॉल सगळं ठरलं, अडलंय फक्त नाव.

आमच्या घरात विष्णू आणि पांडुरंग ही दोन नावं आलटून पालटून चालत आलीत. माझे पणजोबा विष्णू, आजोबा पांडुरंग, बाबा विष्णू. माझ्या वेळेला आजोबा हयात होते आणि हयात माणसाचं नाव आमच्यात ठेवत नाहीत म्हणून मी निखिल झालो. आजोबा राजापूरकडून मुंबईला आले, गिरणीत साचेखात्यात लागले, ८२ च्या संपानंतर त्यांना परत कामावर घेतलं नाही, ९४ साली गेले. मला त्यांची फार अंधुक आठवण आहे, विडीचा वास आणि खरखरीत तळवा एवढीच.

बाबांनी तोंडाने काहीच सांगितलेलं नाही. पण बाळ घरी आलं त्या दिवशी त्यांनी माळ्यावरून आजोबांचा तांब्याचा हंडा काढला. आजोबांनी पहिल्या बोनसमधून घेतलेला, काठावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलंय, ‘पां. वि., लालबाग, १९५८’. दोन तास बसून चिंच आणि मिठाने घासला आणि पाळण्याशेजारी नेऊन ठेवला. आता हे बघितल्यावर माणसाने काय समजायचं?

बायकोला, मानसीला, नाव नको आहे असं नाही, पांडुरंग तिला आवडतं. तिला भीती आहे पांडूची. मुंबईत पांडू म्हणजे हवालदार, हे वर्गातल्या पोरांना पहिल्या दिवशी सुचणार. ती म्हणते नाव ठेवूया पण हाक मारायचं नाव आधी पक्कं करा, घरात दारात सगळ्यांनी तेच वापरायचं. तर पांडुरंग ठेवावं का, आणि हाक काय मारावी? जुनं नाव ठेवलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

शिवडीची_सई

अभिनंदन!! हंड्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. ठेवा हो, विठ्ठलाचं नाव आहे, आणखी काय पाहिजे.

रेवा_मुलुंड

अभिनंदन निखिल. पण मी दुसरी बाजू सांगते कारण मी त्यातून गेलेय. माझं कागदावरचं नाव आजीचं आहे, द्वारका. आजीवर माझा जीव होता पण शाळेत मला ते नाव दहा वर्षं नको नको झालं. हजेरीला नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘बाई’ जोडायचं आणि वर्ग हसायचा आणि बाईसुद्धा हसायच्या. कॉलेजला गेल्यावर मी स्वतःला रेवा म्हणवून घ्यायला लागले. मोठी माणसं नाव ठेवतात ती त्यांच्या आठवणीसाठी, पण ते घेऊन वर्गात बसायला मूल एकटंच असतं. बाबांचा मान राखायचे शंभर मार्ग आहेत, बाळाच्या नावातूनच तो का राखायचा? मानसिक त्रास लहान नसतो, प्लीज विचार करा.

पार्लेकर_मनू

रेवा, तुझ्या वेळेला जुनं नाव म्हणजे मागासलेपणा वाटायचा. आता बालवाडीत जाऊन बघ, कबीर, माधव, रघुवीर, मल्हार, सगळे परत आलेत. माझ्या लेकाच्या वर्गात दोन विठ्ठल आहेत. उलट विहान आणि कियान इतके झालेत की बाई त्यांना आडनावाने हाक मारतात.

रेवा_मुलुंड

मल्हार आणि माधव आले म्हणून पांडुरंग आपोआप आलं असं होत नाही मनू. काही जुनी नावं परत येतात, काही नाही येत. पांडूचं काय करणार ते सांग.

पंचांगप्रेमी

शुभाशीर्वाद. नागपंचमी म्हणजे बहुधा हस्त नक्षत्र असणार, वेळ कळवलीत तर चरण सांगतो. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसरा चरण निघाला तर ण येतो आणि ण वरून मराठीत नावच सुरू होत नाही, तेव्हा लोक न धरतात. पण घाबरू नका, त्यासाठीच बारशाला एकच नाव ठेवत नाहीत. कुलदेवतेचं एक, महिन्याचं एक, नक्षत्राचं एक आणि व्यवहारातलं एक. श्रावणात जन्मलेल्याचं मासनाम वासुदेव. ही सगळी नावं तबकातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने लिहितात, हाक मात्र व्यवहारनामानेच. पांडुरंग व्यवहारनाम ठेवा, नक्षत्रनाम पत्रिकेत राहील.

लालबागकर_निखिल

वेळ पहाटे ४.५० ची आहे गुरुजी. मासनाम वासुदेव हे माहीतच नव्हतं. बाबांचं नाव विष्णू आणि बाळाचं मासनाम वासुदेव, हे बाबांना सांगितलं तर हंडा परत घासतील.

खारेपाटणचो_झील

अरे बाबा आवशीक इचारलंस काय आधी?

लालबागकर_निखिल

झील भाऊ, आईला काय विचारायचं? ती म्हणते तुम्ही ठरवा ते छान.

खारेपाटणचो_झील

पांडुरंग म्हणजे तुझ्या आवशीचो सासरो. नातवाक हाक कशी मारतली ती?

शिवडीची_सई

अरे देवा. हा मुद्दा कुणाच्या लक्षातच आला नाही.

ताईआजी_दादर

झीलचं बरोबर आहे. मी ७६ वर्षांची आहे, दादरला राहते, सुनेने मोबाईलवर मराठी लिहायला शिकवलं. आमच्यात नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव तोंडाने घेत नसत. तुम्हा मुलांना ते दडपण वाटेल, होतंही, पण त्यातूनच घरोघरची हाकेची नावं तयार झाली. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं ही घराण्याची रीत आणि ते नाव आजीने, आईने घ्यायचं नाही ही दुसरी रीत. मग त्या बिचाऱ्या पोराला बोलावणार कशी? म्हणून बाळ, भाऊ, नाना, अण्णा, बापू, तात्या. एक गोष्ट आणखी. मूल खोड्या करतं, आईला रागवावं लागतं, धपाटा घालावा लागतो. सासऱ्यांच्या नावाने ‘मेल्या’ कशी म्हणेल ती? हाकेचं नाव असलं की आईला मनमोकळं रागावता येतं.

माझ्या मिस्टरांचं नाव गोविंद. बारशाला पाळण्याखालून बाळ देताना म्हणायचं असतं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी पन्नास वर्षं प्रत्येक बारशाला ‘कुणी माधव घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत आले. समोरची बाई ओळखून हसायची. ते जाऊन नऊ वर्षं झाली, अजून जीभ वळत नाही.

अक्षरवेडा

ताईआजी, तुम्ही जे लिहिलंत ते इतिहासात जसंच्या तसं दिसतं. पेशव्यांचं घर घ्या. बाळाजी विश्वनाथांच्या मुलाचं मूळ नाव विसाजी, आजोबा विश्वनाथांवरून, आपण त्यांना ओळखतो थोरले बाजीराव म्हणून. बाजीरावांचा थोरला परत बाळाजी, आजोबांचं नाव, आणि त्यांना सगळे म्हणतात नानासाहेब. धाकटे रघुनाथराव झाले राघोबादादा, चुलतभाऊ सदाशिवराव झाले भाऊसाहेब. पानिपतावर १७६१ साली गेलेला माणूस आजही मराठी घरात फक्त ‘भाऊ’ आहे.

आणि पूर्वजांचं नाव म्हणजे आजोबाच असं पण नाही. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला मारले गेले, महाराजांनी आपल्या थोरल्या मुलाला तेच नाव दिलं. गेलेल्या भावाला परत घरात आणलं असं मला नेहमी वाटतं. टिळकांचं ठेवलेलं नाव केशव, पण बाळ हे हाकेचं नाव इतकं चिकटलं की जगाला बाळ गंगाधरच माहीत. तेव्हा वहिनींना सांगा, हाकेचं नाव कागदावरच्या नावाला खाऊन टाकतं, म्हणून ते नीट निवडलं पाहिजे हे त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे.

वरळीचा_नाखवा

नीट निवडा म्हणता पण टोपणनाव निवडून कधी पडतं का? ते पडतं. आमच्या कोळीवाड्यात कागदावरच्या नावाने विचारलंत तर घर सापडणार नाही. माझ्या काकाला सगळे सुरमई म्हणतात कारण लहानपणी ताटात दुसरा मासा घेतला नाही. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत खरं नाव छापलं तर शेजारी विचारत होते हे कोणाचं लग्न. तुम्ही दहा नावं ठरवा, पोरगा चालायला लागला की चाळ त्याचं नाव ठेवणार. सध्या नारळी पौर्णिमेच्या गडबडीत आहे, नंतर सविस्तर लिहितो. बाळाला नारळाचा मान.

वसईचा_पास्कल

आम्ही ख्रिस्ती, तरी हे वाचून वाटलं आपलीच गोष्ट चाललीय. आमच्या घरी पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं. आता आजोबांना चार मुलगे, चौघांनी पहिल्या मुलाला पास्कल ठेवलं, एकाच वाडीत चार पास्कल. आजीने अंगणातून हाक मारली की चौघं धावायचे, किंवा काम असेल तर चौघांतलं कुणीच नाही. मग मोठा पास्कू, विहिरीजवळचा पास्कू, घारा पास्कू आणि मी शेवटचा म्हणून बाबू. आज चाळिशी उलटली, चर्चमध्ये फादर पण बाबूच म्हणतात. पण सांगतो, चौघं एकत्र आलो की आजोबा आहेत असं वाटतं. नाव एक असल्याने भावंडांत एक धागा राहतो तो वेगळाच.

शिवडीची_सई

विहिरीजवळचा पास्कू 😄 किती गोड

स्नेहल_आई

माझ्या मोठ्याचं नाव दत्तात्रय आहे, सासऱ्यांच्या वडिलांवरून. शाळेत आधी दत्त्या झालं, मग डीटी झालं, आता पाचवीत आहे आणि मित्र फक्त डी म्हणतात. मला वाटतं मुलं कुठल्याही नावाचं काहीतरी करतातच. आर्यनचं आऱ्या करतात, सोहमचं सोम्या करतात. विनायकचा विन्या, सदाशिवचा सदू, मोरेश्वरचा मोरू, हे तर पिढ्यानपिढ्या चाललंय. ‘या’ लावल्याशिवाय मराठी मुलांना मैत्री झाल्यासारखं वाटत नाही.

पार्लेकर_मनू

आणि त्यात प्रेमच असतं. सचिनचं नाव त्याच्या वडिलांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, केवढं सुरेल नाव, आणि शिवाजी पार्काने त्याचं काय केलं? तेंडल्या. आख्खी मुंबई तेंडल्या म्हणते ते काय कमी लेखायला? गावसकरांनी तर मुलाच्या नावात तीन खेळाडू बसवले, रोहन कन्हायवरून रोहन, आणि जयसिंह, विश्वनाथ यांच्यावरून जयविश्व.

रेवा_मुलुंड

मनू विषय क्रिकेटवर नेऊ नकोस. तेंडल्या आणि पांडू यात फरक आहे. तेंडल्या म्हणताना कुणी सचिनला हिणवत नाही. पांडू हा शब्दच मुंबईत हिणवण्यासाठी वापरतात, आणि त्यात हवालदारांचाही अपमान आहे खरं तर. माझे काका पोलीस खात्यात होते, त्यांना हा शब्द किती लागायचा ते मी घरात बघितलंय.

अक्षरवेडा

रेवा, हे तू लिहिलंस ते बरं झालं, काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्या शब्दामुळे नाव सोडून द्यायचं की नाव मिरवून तो शब्द पुसायचा? पांडुरंग कोण कोण होऊन गेले बघ. साने गुरुजी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसले, म्हणजे पांडुरंगासाठी पांडुरंग. महामहोपाध्याय काणे म्हणजे पांडुरंग वामन काणे, १९६३ चे भारतरत्न. आणि निखिल, परळ दादरचा जो सेनापती बापट मार्ग आहे ते मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट, पांडुरंग महादेव बापट. तुझे आजोबा ज्या गिरणगावात राबले तिथूनच एका पांडुरंगाच्या नावाचा रस्ता जातो.

गंमत म्हणजे पांडुर म्हणजे पांढरट, आणि विठोबा तर सावळा. पंढरपूरचं जुनं कानडी नाव पंडरगे, त्यावरून पांडुरंग आलं असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे नाव रंगाचं नाही, गावाचं आहे.

दप्तरदार

मी जन्मनोंदणीच्या कामात बरीच वर्षं होतो म्हणून कागदाचं सांगतो, कारण लोक बारशाच्या घाईत इथे चुकतात.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे, ती हॉस्पिटल कळवतं. पण त्यात बाळाचं नाव त्याच वेळी घालायलाच पाहिजे असं नाही. नावाची जागा मोकळी ठेवून नोंद होते, पुढे १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा घरात एकमत नसेल तर जबरदस्तीने काहीतरी लिहून देऊ नका. एकदा चढलेलं नाव बदलायचं म्हणजे फार खटपट, लोक राजपत्राच्या मागे फिरतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांचा जन्मदाखला शाळा, आधार, लायसन्स सगळीकडे मूळ पुरावा धरतात, त्यामुळे आता पूर्वीसारखं दाखल्यावर एक आणि शाळेत एक असं चालत नाही.

दुसरं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आहे. पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघा, फॉर्मवर चौकोनात लिहून बघा.

तिसरं, पांडुरंग मधला डु ऱ्हस्व. अर्धी दप्तरं पांडूरंग लिहितात. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा, घरी येऊन नाही. इंग्रजी स्पेलिंग आधीच एक ठरवा आणि आयुष्यभर तेच वापरा.

लालबागकर_निखिल

दप्तरदार काका खूप खूप आभार, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. स्पेलिंगवर तर आत्ताच आमच्यात दोन मतं निघाली.

झील भाऊंनी विचारलेलं काल रात्री आईला विचारलं. आधी ती नाहीच म्हणाली, काही नाही रे, मी सोन्या म्हणेन, बाळ म्हणेन. मग ताईआजींचं गोविंद आणि माधवचं तिला वाचून दाखवलं. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, गणपतीत आरतीला माझ्याकडे कधी बघितलंस का?

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, चाळीतली सगळी येतात, मी ढोलकी धरतो. विठ्ठलाच्या आरतीत ‘जय पांडुरंगा’ येतं. आई म्हणाली त्या शब्दाला मी नुसत्या टाळ्या वाजवते. अडतीस वर्षं. लग्न होऊन आली त्या पहिल्या गणपतीला सासरे समोर उभे होते, तेव्हा आवाज थांबला तो थांबलाच. मी तिच्या शेजारी उभा राहून पस्तीस गणपती काढले आणि मला हे माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं, ते तर गप्पच बसले ऐकून.

मी म्हटलं मग नको ठेवूया हे नाव, तुला त्रास नको. तर म्हणाली, ठेवायचंच. संप मोडल्यावर, हाताला काम नसताना, मामंजींनी माझ्या डोहाळजेवणाला स्वतः भायखळ्याच्या मंडईतून चालत जाऊन फुलांची वाडी आणली होती. त्यांचं नाव घरात परत यायला पाहिजे. मी घेणार नाही, पण तुम्ही सगळे घ्याल ते मला ऐकायचंय.

ताईआजी_दादर

निखिल, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी तिची भावना शंभर टक्के समजू शकते.

स्नेहल_आई

मी हे वाचून सासूबाईंना फोन केला. त्या पण दत्ताच्या आरतीला असंच करतात म्हणाल्या. माझ्या मुलाचं नाव दत्तात्रय ठेवताना मला कुणी सांगितलंच नाही. आता कळलं त्या त्याला कायम ‘राजा’ का म्हणतात.

रेवा_मुलुंड

निखिल, मी पहिल्या दिवसापासून विरोधात लिहितेय पण आईंचं वाचल्यावर मला एक विचारावंसं वाटतं. आजोबांना घरी काय म्हणायचे? म्हणजे ते लहान असताना. तुम्ही हाकेचं नाव बाहेर शोधताय, पण पांडुरंग नावाच्या मुलाला त्या घरात एकदा हाकेचं नाव मिळालंच असेल ना, ताईआजी म्हणतात तसं. पूर्ण नाव घेताय तर तेही घ्या. आणि नाव ठेवलंतच तर एक करा, त्याला आजोबांची गोष्ट सांगा. मला द्वारका नाव का दिलं, आजी कशी होती हे कुणी बसवून सांगितलंच नाही, नुसतं नाव दिलं. ते माहीत असतं तर मागच्या बाकावरच्यांना मी उत्तर दिलं असतं.

वरळीचा_नाखवा

रेवाताई एकदम बरोबर बोलली.

खारेपाटणचो_झील

राजापुरात कोण म्हातारा माणूस असात तर फोन लाव. आजयेक नाय तर आजयेच्या नंदेक.

पार्लेकर_मनू

विषयांतर करतोय, पण त्या हंड्यावरचं नाव कुठे कोरलंय हो? आमच्याकडे तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून घेतलेली भांडी आहेत, तिथे दुकानाच्या पायरीवर नाव टाकणारा बसायचा. आधी छिन्नी आणि हातोडीने टकटक करायचे, नंतर मशीन आलं. माझ्या आईच्या रुखवतातल्या वाटीवर त्या माणसाने ‘सौ.’ दोनदा कोरलंय, आई आजही पाहुण्यांना ती वाटी देत नाही, स्वतः वापरते.

शिवडीची_सई

आमच्याकडे ओटीतल्या डब्यावर आजीचं माहेरचं नाव आहे. सासरी आल्यावर तिचं नाव बदललं, पण डब्यावरचं राहिलं. तिला घरात त्या नावाने कुणीच हाक मारली नाही कधी. बायकांच्या नावांवर वेगळा धागा काढायला पाहिजे खरं तर.

रेवा_मुलुंड

काढ सई, मी लिहीन. खूप आहे लिहिण्यासारखं.

पंचांगप्रेमी

४.५० म्हणजे हस्ताचा तिसरा चरण आला. ण. सांगितलं होतं तसं न धरा. नारायण ठेवा नक्षत्रनाम, विष्णूच्या घरात शोभून दिसेल.

वसईचा_पास्कल

निखिल, पुढे काय झालं? बारसं काल होतं ना?

लालबागकर_निखिल

उशीर झाला लिहायला, घर पाहुण्यांनी भरलंय.

रेवा, तुझे आभार कसे मानू कळत नाही. आजोबांची धाकटी बहीण अजून गावी आहे, ८८ वर्षांची, कानाने कमी पण स्मरण पक्कं. बाबांनी फोन लावला, स्पीकरवर, सगळे भोवती. चार वेळा ओरडून विचारल्यावर म्हणाली, पांडुरंग? आम्ही कुठे पांडुरंग म्हणत होतो त्याला, तो बाबल. शाळेत मास्तरांनी हजेरीत पांडुरंग म्हटलं तेव्हा हा गप्प बसून राहिला, त्याला वाटलं दुसरा कोणीतरी आहे. बाबांना वडिलांचं हे नाव पासष्टाव्या वर्षी कळलं. फोन ठेवल्यावर ते दोन तीनदा स्वतःशीच म्हणत होते, बाबल, बाबल.

मानसीला पण आवडलं. ती म्हणाली वर्गातल्या पोरांना जे करायचं ते करू देत, घरातून बाहेर पडताना तो बाबल असेल आणि परत येईल तेव्हाही बाबल. आणि पांडू म्हणणाऱ्यांना सांगायला आम्ही साने गुरुजी आणि सेनापती बापट तयार ठेवलेत.

काल बारसं झालं. तबकात तांदळावर चार नावं लिहिली, देवीचं, वासुदेव, नारायण आणि पांडुरंग. बहिणीने कानात कुर्रर्र करून सांगितलं आणि तिच्या पाठीवर सगळ्यांनी मनसोक्त धपाटे घातले. पाळण्याखालून देताना आई मानसीसमोर बसली होती. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आणि बाळ तिच्या हातात आलं तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, ये रे बाबल. आख्ख्या चाळीला ऐकू गेलं असेल.

आज सकाळी बाबा हंडा पिशवीत घालून टॅक्सीने तांबाकाट्याला गेले. मनू भाऊ, पायरीवर आता कुणी बसत नाही, पण दुकानात मशीन आहे. मी म्हटलं काय कोरायचं ते कागदावर लिहून देतो, तर म्हणाले मला माहीत आहे. दुपारी घेऊन आले. ‘पां. वि., लालबाग, १९५८’ च्या खाली नवीन ओळ आहे, ‘पां. मा. नि., लालबाग’. दप्तरदार काकांनी सांगितलेल्या क्रमाने, मानसीचा मा माझ्या नि च्या आधी. मानसीने त्यावर दोन वेळा बोट फिरवून बघितलं.

दप्तरदार

क्रम बरोबर आहे. बाबांना नमस्कार. दाखल्यावर डु ऱ्हस्व आला का ते तेवढं बघा.

खारेपाटणचो_झील

बाबलाक आशीर्वाद. हंड्याचो फोटो टाक रे.